तात्यांची स्कूटर आणि माझी हत्यारं

धोंड्याच्या जेवणानंतर जावयाने तासभर तोंड उघडू नये, असं एक परिपत्रक शासनाने काढायला हवं. तीन वर्षांनी अधिक महिना येतो, सासुरवाडीहून बोलावणं येतं, पुरणाचे धोंडे तुपात बुडून ताटात पडतात, त्यावर अनारसे, त्यावर आग्रह, आणि मग पाटावरून जो उठतो तो शुद्धीवरचा माणूस नसतो. अशा अवस्थेत त्याने केलेल्या विधानांना कुणी किंमत देऊ नये. माझ्या विधानाला दिली गेली, तीही मिरजगावात, भर अंगणात, सगळ्या भावकीसमोर.

झालं असं की मी हात धुऊन बाहेर आलो, तर अंगणात भंगारवाल्याचा टेम्पो उभा. माझे सासरे अजिनाथ तात्या, निवृत्त ग्रामसेवक, त्याला गोठ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते. गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागे त्यांची जुनी स्कूटर भिंतीला टेकून होती. बरीच वर्षं बंद. सीटवर कोंबडी अंडी घालायची आणि पुढच्या डिकीत सासूबाई कांद्याचं बी ठेवायच्या. पण माझी बायको दिपाली लहानपणी ह्याच स्कूटरवर पुढे उभी राहून बाजाराला गेली होती, आणि पुढे नगरच्या वसतिगृहात राहायला आली तीही ह्याच स्कूटरवर, मागे वळकटी बांधून. ती दारात आली, टेम्पो पाहिला आणि काही न बोलता आत गेली. तिच्या त्या न बोलण्याने आणि माझ्या पोटातल्या धोंड्यांनी मिळून माझ्याकडून वाक्य वदवून घेतलं. मी म्हणालो, "तात्या, स्कूटर देऊ नका. मी दुरुस्त करतो. माझ्या स्वतःच्या हातानं."

तात्यांनी माझा आजवर कधी अपमान केलेला नाही, आणि माझं दुःख तेच आहे. ते नगरला आमच्याकडे येतात तेव्हा आल्या आल्या कुठला दिवा बंद आहे, कुठला नळ गळतोय ते बघतात, पिशवीतून पकड काढतात आणि मला म्हणतात, "पाहुणं, तुमी बसा." लग्न झाल्यापासून मी बसून आहे. त्या दिवशीही ते माझ्या हातांकडे बघत अगदी मायेने म्हणाले, "पाहुणं, तुमचं हात लिहिन्याचं. कशाला तरास घेता?"

मी म्हणालो, शब्द म्हणजे शब्द. मग तात्यांनी थोडा विचार केला आणि निवाडा दिला. "बरं. दसऱ्याला येतो म्या नगरला. चालू असली, तर तिच्यावर बसून शीव वलांडू. नसली, तर हाच टेम्पो बोलवायचा. मंग कुनी रडायचं न्हाई." शेवटचं वाक्य घराच्या दाराकडे बघून होतं. भंगारवाला समजूतदार निघाला. टेम्पो रिकामाच जायचाय म्हणून त्यानेच स्कूटर नगरला पोचवली आणि उतरवून देताना दसऱ्यासाठी आपला नंबर माझ्या मोबाईलमध्ये टाकून दिला.

मी जिल्हा परिषदेच्या एका विभागात आवक-जावक सांभाळतो. माझी हत्यारं म्हणजे शिक्का, स्टेपलर आणि कागद ओवायचं दाभण. ह्यात मी कुणाला हार जाणार नाही, पण ह्यांपैकी एकानेही स्कूटर उघडत नाही. म्हणजे आधी हत्यारं घेणं आलं. स्कूटर सरळ एखाद्या मेकॅनिककडे टाकावी, असं आता तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. पण 'माझ्या स्वतःच्या हातानं' हे शब्द मी कशाला जोडले, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आमच्या सावेडीतल्या सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. सर्वात आधी बाहेर आले तळमजल्यावरचे गोरक्ष वाकळे. हे एसटीतून निवृत्त झालेले वाहक. जन्मभर त्यांनी तिकिटं फाडली, पण ती इंजिनापासून दहा फुटांच्या आत फाडल्यामुळे इंजिन ह्या विषयावर आपला अधिकार चालतो असं ते मानतात. त्यांनी स्कूटरभोवती एक फेरी मारली, टायरवर चापट मारली आणि सांगितलं, "ठुबे, दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. तीन पाने, एक पकड, एक स्क्रू ड्रायव्हर. एवढ्यावर आख्खी एसटी खोलली हाय मी." मी विचारलं, तुम्ही स्वतः? तर म्हणाले, खोलली ड्रायव्हरनं, पण उजेड मी धरला होता.

सल्ला फार साधा होता आणि म्हणून मला तो पटला नाही. तीन पान्यांत होणारं काम असतं, तर तात्यांनी ते गोठ्यातच केलं नसतं का? शिवाय दुसऱ्या मजल्यावरची निकिता, जी पुण्यातल्या कंपनीचं काम घरी बसून करते, तिने मला व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली होती. त्यात एक परदेशी गृहस्थ पांढरे हातमोजे घालून आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ खोलीत उभे असत, आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने टांगलेले असत. ती भिंत मी रोज जेवताना बघू लागलो. निकिताचं म्हणणं होतं की काका, नट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना आधी घ्या, बाकीचं नंतर. वाकळ्यांचं म्हणणं होतं की ज्याच्या मनगटाला ते कळत नाही त्याने स्कूटरच्या वाटेला जाऊ नये. दोघांचा वाद जिन्यात सुरू झाला आणि दोघंही माझ्याबरोबर दुकानात आले.

दुकान माळीवाड्यामागच्या एका बोळात. दुकानदाराने विचारलं, काय काम आहे? खरं तर त्याला सांगायचं होतं की जुनी स्कूटर आहे, मी नवखा आहे, तुम्हीच सांगा. पण बाजूला दोन मेकॅनिक उभे होते, आणि त्यांच्यासमोर नवखा म्हणवून घेणं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, "सगळंच काम आहे." दुकानदाराने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माळ्यावरून एक निळी पेटी काढली. एकशे आठ नग, असं तो म्हणाला, आणि झाकण उघडलं. आत प्रत्येक नगाला त्याच्या मापाचा खळगा. लांब पाने, रिंग पाने, गोटी पाने, षटकोनी चाव्या, आणि काही असे नग की जे कुठून धरायचे हेही कळेना. वाकळे आपले तीन पाने विसरले. निकितासुद्धा 'वाव' म्हणाली. एकशे आठ हा आकडा जपमाळेचा, म्हणजे शुभच, असा विचार करून मी पेटी उचलली आणि माझा खांदा निखळता निखळता राहिला.

रविवारी सकाळी, स्नान करून, सोसायटीतल्या प्रतिष्ठित नागरिकांच्या उपस्थितीत मी पार्किंगमध्ये पहिल्या नटाला पाना लावला. पाना बसला, पण जरा सैल. त्याच्या आधीचा लावला, तर तो चढेना. पान्यांवर ७/१६, ९/१६ असे आकडे होते. आवक-जावकमध्ये उमेदीची वर्षं गेलेल्या माणसाला त्यात वावगं काही वाटलं नाही. ७/१६ म्हणजे सन सोळामधला सातवा नग, असं मी धरून चाललो आणि जुना माल गळ्यात मारला म्हणून दुकानदाराला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. राहिला प्रश्न सैलपणाचा. कार्यालयात टेबल डुगडुगलं की आम्ही कागदाची घडी घालतो. मी तीच इथे घातली. जुन्या शासन निर्णयाची चौपदरी घडी नट आणि पान्याच्या मध्ये सरकवली आणि जोर लावला. कागद फाटला, पाना सटकला, माझं बोट फुटलं आणि नटाचे कोपरे गेले. मग पकड लावली. मग तोंड लहानमोठं होणारा पाना लावला. मग वाकळ्यांनी हातोडा मागितला. दुपारपर्यंत तो नट पेढ्यासारखा गोल झाला होता आणि जागचा हलला नव्हता.

असे मी चार रविवार काढले आणि बरेच पेढे केले. शेवटी निकिताने एक पाना उजेडात धरला आणि विचारलं, काका, हे अपूर्णांक कसले? तुमची स्कूटर मिलिमीटरची असणार, ही पेटी इंचातली आहे. मी तिला सोळा सालाचा माझा अर्थ सांगितला नाही. आजही तिला तो माहीत नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

पेटी घेऊन दुकानात गेलो. विकलेला माल परत घेतला जात नाही ही पाटी माझ्या डोक्यावर होती, आणि मला नोकरीमुळे पाट्यांचा आदर आहे. तरी विचारलं की इंचाची पेटी दिलीच कशी. दुकानदार शांतपणे म्हणाला, "तुम्ही सगळंच काम म्हणालात." मी मिलिमीटरची दुसरी पेटी घेतली. घरी दिपालीने दोन्ही पेट्या शेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्या आणि विचारलं, स्कूटरसुद्धा दुसरी घ्यायची आहे का? मी ते मनाला लावून घेतलं. रात्री भाकरी एक कमी खाल्ली, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता हत्यारं बरोबर होती, तर सोसायटी चुकली. सचिव सहादेव निमसे यांनी फलकावर सूचना लावली की पार्किंगमध्ये औद्योगिक स्वरूपाचे काम चालू असल्याचे निदर्शनास आले आहे. ही भाषा माझी मातृभाषा. मी मुद्देसूद खुलासा दिला, त्यावर त्यांनी पोच दिली, पोचेवर मी स्मरणपत्र दिलं, आणि हे सगळं आम्ही एकाच जिन्यात राहत असताना. अखेर सभा भरली. ठुबे यांना दसऱ्यापर्यंत मुदत द्यावी, मात्र दुपारच्या झोपेच्या वेळात हातोडा वापरू नये, असा ठराव झाला. सभा संपल्यावर निमसे मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले की घरातल्या गॅसच्या शेगडीचा एक नट ढिला आहे, तुमच्याकडे चौदा-पंधरा असेलच.

इथून माझं नशीब फिरलं, पण स्कूटरचं नाही. ठुब्यांकडे दोन पेट्या आहेत हे कळल्यावर सोसायटीतला प्रत्येक ढिला नट माझ्या दाराशी येऊ लागला. पकड कूलरसाठी गेली ती आली नाही. रिंग पाने कुणाच्या तरी पलंगाखाली गेले. इंचातली पेटी, जी जगात कशालाच बसत नाही असं मला वाटत होतं, तिच्यातला एक पाना तिसऱ्या मजल्यावरच्या शिलाई मशीनला चपखल बसला आणि तिथेच राहिला. मला मात्र हे आवडू लागलं होतं, हे मी कबूल करतो. जिन्यात लोक मला थांबवून विचारत, ठुबे, हे कशानं उघडेल? मी नट निरखून पाहायचो, जरा वेळ घ्यायचो आणि म्हणायचो, बारा-तेरा. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. इतक्या वर्षांत माझ्या मताची अशी गरज कुणाला पडली नव्हती.

रविवारी स्कूटर, एरवी दारोदार फिरून हत्यारांची वसुली, असं करत पावसाळा गेला. जे नट पेढे झाले होते ते छन्नीने तोडले. डिकीतून कांद्याचं बी आणि इंजिनाच्या जाळीतून उंदराचं घरटं निघालं. नवरात्राच्या अष्टमीला, वाकळे उजेड धरून उभे असताना, मी किक मारली आणि स्कूटर खोकली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा ती चक्क चालू झाली, पार्किंगभर धूर झाला आणि निमशांनी खिडकी लावून घेतली. दिपाली जिना उतरून धावत आली. ती पदर डोळ्यांना लावून इंजिनाचा आवाज ऐकत राहिली, आणि मला वाटलं, पाने इंचाचे असोत की मिलिमीटरचे, आपण घेतले ते बरं केलं. किकचा दांडा जरा ढिला होता आणि ब्रेकची तार आवळायची होती. ते दसऱ्याच्या सकाळी ताज्या हाताने करू म्हणून मी हात धुतले.

मोठमोठ्या व्हिडिओंत सगळं सांगतात, खंडेनवमी सांगत नाहीत. नवमीला मी कार्यालयात असताना दिपालीने घराघरांत निरोप धाडला की हत्यारं पुजायची आहेत. आणि जे पाने मागून मागून माझी जीभ झिजली होती, ते सगळे आपणहून परत आले. पुजेची वस्तू कोण दाबून ठेवील? शेजाऱ्यांनी स्वतःचेही हातोडे आणि कात्र्या आणून ठेवल्या. मी संध्याकाळी आलो तर दिवाणखान्यात पाट मांडलेला, त्यावर एकशे आठ आणि वर बरेच, धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूत बुडालेले. समोर समई, आणि समईसमोर मांडी घालून मिरजगावहून आलेले अजिनाथ तात्या. मान हलवत ते म्हणाले, "पाहुणं, सोभा आली घराला." आणि मग त्यांनी मला त्यांच्या घरची रीत सांगितली. पुजलेल्या हत्याराला दसऱ्याला शीव ओलांडून सोनं वाटेपर्यंत हात लावायचा नाही. त्यांच्या वडिलांनी एकदा दसऱ्याला दारी पाहुणा खोळंबला असताना बैलगाडीची खीळसुद्धा बसवली नव्हती. वर्षभर राबतं ते हत्यार, एक दिवस त्याचा.

मी ढिल्या किकचा विचार केला. दांडा हाताने दाबून बसवता येईल, असं स्वतःला समजावलं. ब्रेकचं काय, याचा विचार मी त्या क्षणी केला असता तर ही गोष्ट इतकी लांबली नसती.

दसऱ्याच्या सकाळी स्कूटरला झेंडूची माळ, आरशाला आंब्याची पानं, चाकाखाली लिंबू. सगळी सोसायटी खाली. तात्यांनी धोतर सावरलं, टोपी घट्ट केली आणि स्कूटरला हात जोडून किक मारली. किकचा दांडा निघाला, त्यांच्या पायाखालून उडाला आणि निमशांच्या तुळशीत जाऊन पडला.

सगळ्यांच्या माना एकदम वर, आमच्या खिडकीकडे वळल्या. तिथे झेंडूखाली बारा-तेराचा पाना होता, एकदा फिरवला असता तर काम झालं असतं. दुसरा कुणाकडे मागावा, तर सोसायटीतलं यच्चयावत लोखंड त्याच पाटावर. दिपालीने माझ्याकडे पाहिलं, मी तात्यांकडे. तात्या दाढी खाजवत होते. रीत त्यांनीच सांगितली होती आणि आता तिच्यात तेच अडकले होते. मला त्या क्षणी भंगारवाल्याचा नंबर आठवला. तात्यांच्या तोंडून 'पाहुणं, तुमी बसा' ऐकायची मी तयारी केली.

तात्या म्हणाले, "ढकलायला काय हत्यार लागतंय?" आणि सीटवर बसले.

मी मागून धरलं. निमशांनी, सचिवपद बाजूला ठेवून, दुसरी बाजू धरली. वाकळ्यांनी आयुष्यभराच्या सवयीने तोंडाने दोनदा घंटी वाजवली, आणि आम्ही सुटलो. लिंबू फुटलं, फाटक गेलं, पुढे उतार लागला, तात्यांनी गिअर टाकून क्लच सोडला आणि स्कूटर अशी गरजली की मागे लोकांनी टाळ्या वाजवल्या. निदान सोसायटीची शीव ओलांडली गेली. मी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभा राहिलो, आणि तेव्हाच मला ब्रेकची तार आठवली.

मी नव्या कोऱ्या झब्ब्यात धावलो. चपला मागे राहिल्या. कोपऱ्यावर वळलो तोवर आवाज आला होता, पण तो काही फुटल्याचा नव्हता, काहीतरी मऊ पसरल्याचा होता. दसऱ्याला त्या वळणावर झेंडूचे ढीग लागतात. सगळ्यात मोठ्या ढिगात तात्या छातीपर्यंत बसले होते. टोपीवर झेंडू, मिशीत झेंडू, आणि शेजारी आडवी पडलेली स्कूटर अजून चालूच होती. फुलवाली चांगुणा त्यांना काय काय म्हणत होती ते लिहिण्यासारखं नाही. तात्यांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते कान देऊन इंजिन ऐकत होते, आणि त्यांच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं.

"पाहुणं, बिरेक न्हाई हिला," ते म्हणाले.

"उद्या आवळतो, तात्या."

"आवळा. पन वाजतीया लई गोड." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून आपट्याची चुरगळलेली पानं काढली. खरं म्हणजे सोनं मी त्यांना द्यायचं, पण त्यांनीच ती माझ्या हातात ठेवली. माझ्या हाताला ग्रीसचे डाग होते, नखं काळी होती, एक बोट अजून सुजलेलं होतं. तात्यांनी ते हात जरा वेळ धरून ठेवले. मला रडू आलं, आणि चांगुणासमोर आलं, याचं मला काही वाटलं नाही.

सांडलेली फुलं आम्ही दोघांनी ओंजळींनी गोळा करून तिचा ढीग रचून दिला. मग तात्यांनी स्कूटर उभी केली, स्वतः पुढे बसले आणि मला मागे बसायला सांगितलं. मी त्यांच्या खांद्यांना धरून बसलो. सोसायटीकडे चढ होता, त्यामुळे सुरुवातीला सगळं ठीक चाललं. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, फाटकावरून न वळता त्यांनी स्कूटर सरळ पुढच्या उताराला घातली आणि वाऱ्यात ओरडून सांगू लागले की घरी विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन कैक वर्षं बंद पडलंय, गावातले मेकॅनिक काही कामाचे नाहीत, आता घरातच माणूस असताना बाहेर कशाला विचारायचं, परवाच टेम्पोत घालून पाठवतो, दिवाळीच्या आत होईल ना?

मी होय म्हणालो. बिनब्रेकच्या गाडीवर, उतारावर, मागे बसलेल्या माणसाने दुसरं काय म्हणायचं असतं?